वाइल्डरनेस कॅरेक्टर: 'वन्यता' की 'रानपण'?

सडेकर: अमेरिकेच्या १९६४च्या वाइल्डरनेस कायद्यावरचा लेख मराठीत करतोय. त्या कायद्यानं राखलेल्या रानांत मोटार, सायकल, यांत्रिक करवत सहसा चालत नाही. वाटेवर पडलेलं झाड दोघांनी ओढायच्या करवतीनं कापतात. अशा जागेच्या 'कॅरेक्टर'ला, म्हणजे तिच्या मूळ स्वभावाला, काय म्हणावं? 'वन्यता' फायलीतलं वाटतं. आम्ही रत्नागिरीकडे सरळ 'रान' म्हणतो.

घाटावरची: 'आबा रानात गेलेत' म्हणजे आमच्याकडे शेतात गेलेत. 'जंगल' घ्या.

तळकोकणी: संस्कृतात 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, खुरट्या झाडोऱ्याचा मुलूख. आंबोलीच्या पावसात उभं राहून म्हणून बघा! (आज तो शब्द गर्द झाडीलाही चालतो, मान्य.) रान हे 'अरण्य'चंच, प्राकृत 'रण्ण'वरून आलेलं; आणि त्यातला 'अरण' म्हणजे दूरचं, परकं. कायदाही तेच म्हणतो, माणूस इथं पाहुणा, मुक्कामाला नाही. गावपण, माणूसपण, तसं 'रानपण'.

सडेकर: 'अभयारण्य' का नको? फणसाड, कर्नाळा सगळ्यांना ठाऊक.

तळकोकणी: ती जाहीर केलेली हद्द झाली. मालवणच्या समुद्रातही १९८७ पासून अभयारण्य आहे, तिथं अरण्य कुठलं? आणि हद्द शाबूत राहून रानपण जाऊ शकतं. देवरहाटी, म्हणजे देवराई, बघा. पुष्कळ गावांत तिथलं वाळकं लाकूडही उचलत नसत; देवळाला लागलं तर आधी देवाचा कौल. आता जीर्णोद्धार म्हणून चिऱ्याचं कौलारू देऊळ जातं, स्लॅबचा सभामंडप येतो, भोवती पेव्हर ब्लॉक, दारापर्यंत गाडीरस्ता. सातबाऱ्यावर मात्र एक गुंठा कमी झालेला नसतो.

दोडामार्गवाला: 'मॅनेजमेंट'ला 'व्यवस्थापन' म्हणणंही खटकतं. 'राखण' म्हणा. आमच्या दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डेचं दलदलीतलं रानजायफळांचं रान गावानं राय म्हणून राखलं. जैविक वारसा स्थळाचा दर्जा मागाहून आला.

घाटावरची: राखण म्हटलं की राखणदार देवाला द्यायचा कोंबडा-नारळ आलाच. अमेरिकेच्या लेखात राखणदार कशाला?

दोडामार्गवाला: गुरं राखतात, मळा राखतात, त्यात कसला कोंबडा? 'राखीव वन' तरी कुठून आलं?

सडेकर: राखण पटली. पण अडचण पुढे आहे. त्या कायद्यात जागा 'अनट्रॅमल्ड' हवी, म्हणजे माणसाच्या ताब्याबाहेरची, आणि 'नॅचरल'ही हवी. बाहेरचं तण माजलं तर? उपटलं तर हस्तक्षेप, सोडलं तर मूळची झाडं जातात. तिथले वनाधिकारीही यावर अडतात.

तळकोकणी: आपल्याकडच्या तणाचं नावच रानमोडी, आणि तेही अमेरिका खंडातूनच आलेलं. मळा राखणारा तण काढतो, त्याला कोणी ढवळाढवळ म्हणत नाही. पण रायीत कोयता घेऊन शिरायचं तर गावात आधी बैठक बसते. म्हणून 'अनट्रॅमल्ड'ला 'मोकळं' आणि 'नॅचरल'ला 'मूळचं' असे दोन शब्द वेगळे ठेवा. दोन्हीला 'नैसर्गिक' लिहिलंत तर हा पेच वाचकाला दिसणारच नाही.