केबिन बॅगेवर भागवलेला विमानप्रवास : आपापले अनुभव

खाडीकाठ, वेंगुर्ले
परवा माळा झाडताना काजूबिया तोलायचा जुना ताणकाटा हाती लागला आणि गोव्यातल्या मोपा विमानतळाहून केलेला पहिला विमानप्रवास आठवला. जानेवारी २०२३ मध्ये तेथून विमाने सुटू लागली आणि त्याच वर्षी मी मुलीकडे बंगळुरूला निघालो. सामान मोजके असल्याने केबिन बॅगच न्यायचे ठरवले आणि ७ किलोंची मर्यादा चुकू नये म्हणून बॅग याच काट्याला टांगली, तर आत एकही कपडा नसताना काटा पावणेतीन किलोंवर जाऊन थांबला, कारण चाके, दांडा आणि कवच यांचेच ते वजन होते. शेवटी मुलाची शाळेतली जुनी सॅक काढली. तिचे वजन पाऊण किलोही भरले नाही आणि वाचलेल्या दोन किलोंत सोले (आमसुले), फणसपोळी व कुळथाचे पीठ बसले. आपल्या बॅगा कपड्यांनी नव्हे, वानवळ्याने जड होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

रातांबा
काका, सोले विमानात नेता आली हे तुमचे नशीब. माझे आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, तपासणीतच गेले. मुंबईहून मस्कतला जाताना सुरक्षा तपासणीत बाटली बाहेर काढायला लावली. आगळ तळाशी जेमतेम १०० मिली उरले होते, म्हणून मी वाद घालू लागले. पण परदेशी विमानात हातसामानातला द्रवपदार्थ मोजताना बाटलीची क्षमता पाहतात, आत किती उरले आहे ते पाहत नाहीत, आणि माझी बाटली २०० मिलीची होती. हा नियम मला आधीच ठाऊक असायला हवा होता. आता मी सोलेच नेते आणि तिकडे भिजत घालते.

माजघर
रातांबाताई, माझ्या सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या अशाच काढून घेतल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या दृष्टीने ते धोक्याच्या मालात मोडते. त्यामुळे मोठ्या बॅगेत टाकले असते तरी चालले नसते. तेव्हापासून मी घरून मसाला नेतो आणि खोबरे तिकडेच विकत घेतो.

आषाढसरी, रत्नागिरी
हलके सामान नेणारे सगळे सांगतात की दोनच जोड न्यावेत आणि रात्री धुवून वाळत टाकावेत. त्यांनी एकदा जुलैत आमच्या पडवीत कपडे वाळवून दाखवावेत! तिसऱ्या दिवशी कुबट वास घेऊन दिल्लीच्या बैठकीला बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला आहे. एक गोष्ट मात्र मी सोडत नाही, ती म्हणजे पंचा. जाड टॉवेलच्या तुलनेत तो मुठीत मावतो, पंख्याखाली तासा-दोन तासांत सुकतो आणि विमानात थंडी वाजली तर गळ्याभोवती गुंडाळता येतो. जड बूट पायांत आणि रेनकोट अंगावर घालूनच मी निघते.

माजघर
अंगावर घालण्यावरून आठवले. चतुर्थीहून परतताना मी बॅग तोलून, कुलूप लावून ओटीवर ठेवली होती. वजन ६ किलो ८०० ग्रॅम होते. आईने ती उचलून पाहिली, "रिकाम्या हातान जातंस?" म्हणाली आणि आत जाऊन काजूगरांच्या दोन पुड्या आणून माझ्या जाकिटाच्या दोन्ही खिशांत कोंबल्या. विमानतळावर बॅग तोलली गेली; मला कोणी तोलले नाही.

भरतीओहोटी
एक सूचना घाईत लिहितो, भात शिजत आहे. वरचे कप्पे भरले की दाराशी तुमची केबिन बॅग मागून घेऊन खाली विमानाच्या पोटात टाकतात. तेव्हा पॉवर बँक आधी काढून घ्यावी, कारण ती पोटातल्या सामानात चालत नाही. तिथे बॅटरीने पेट घेतला तर कोणाचा हात पोहोचणार नाही. औषधे आणि किल्ल्याही काढाव्यात. मी किल्ल्या विसरलो होतो आणि बॅग पट्ट्यावर येईपर्यंत पाऊण तास ताटकळलो.

आषाढसरी
खाडीकाठकाका, ताणकाटा अजून बाजारात मिळतो का?

खाडीकाठ
मिळतो, ताई, पण आधी दुकानातल्या एक किलो साखरेच्या पुड्याने तपासून घ्यावा. आमचा काटा पाव किलो कमी दाखवतो, हे मला मोप्याच्या काउंटरवर कळले, आणि फणसपोळीचा एक डबा तिथेच उघडून मागच्या रांगेत वाटावा लागला.