शिफ्ट लावणाऱ्याला शिफ्टचा खर्च दिसायला हवा की नको?

रोस्टरकर: आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शिफ्टवर क्लिक केलं की सुपरवायझरला वेळ, ब्रेक, काम, टीपा सगळं दिसतं. खर्चाचा रकाना मात्र फक्त वरिष्ठांना दिसतो. माझ्या मते ड्यूटी लावणाऱ्याला तो दिसलाच पाहिजे. समजा आठवड्याची मर्यादा ४८ तास, एकाचे ४४ भरलेत आणि त्याला आणखी ८ तासांची शिफ्ट लावली. चार तास साध्या दराने, चार ओव्हरटाइमने. दर दीडपट असेल तर ८ तासांच्या कामाला १० तासांचे पैसे. रोस्टरवर, म्हणजे ड्यूट्यांच्या तक्त्यावर, त्या शिफ्टचा चौकोन बाकीच्यांसारखाच दिसतो. बजेट ओलांडलं की जाब मात्र सुपरवायझरलाच विचारतात. आकडा दाखवायचा नाही आणि हिशेब मागायचा, हे बरोबर नाही.

पगारपत्रक: ठाम विरोध. शिफ्टचा खर्च म्हणजे आडून दाखवलेला पगारच. ९ ते ५ शिफ्ट, अर्धा तास बिनपगारी ब्रेक, उरले साडेसात तास. खर्च १५०० दिसला की भागाकार करा, ताशी दर २००. ज्याचा पगार उघडा पडला त्याला कुणी विचारलं होतं का? आणि मला याहून जास्त खुपतं ते असं, की आकडा डोळ्यांसमोर असला की कमी दराच्या माणसाला ड्यूट्या लागत राहतात. जुन्या माणसाचे तास हळूहळू कापले जातात, कारण त्याचा दर जास्त. त्याचा अनुभव त्या रकान्यात कुठेच नसतो.

रातपाळी: पगार झाकून ठेवल्यानेच भेदभाव टिकतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वेतन पारदर्शकतेचा निर्देश काढला तो याचसाठी.

पगारपत्रक: @रातपाळी, त्या निर्देशाने कर्मचाऱ्याला स्वतःचा पगार आणि समान काम करणाऱ्यांची स्त्री-पुरुष अशी वेगवेगळी सरासरी मागता येते. अमक्याचा पगार किती, हे नाही. शिवाय तो हक्क कर्मचाऱ्याचा आहे, त्याच्या ड्यूट्या लावणाऱ्याचा नाही.

रातपाळी: मान्य. पण मग निदान ज्याची शिफ्ट आहे त्याला तरी त्याचा आकडा दाखवा. ओव्हरटाइम धरला की नाही, हे पगार हातात पडेपर्यंत कळत नाही.

मधलीवाट: माणसागणिक खर्च लपवा, दिवसाची बेरीज दाखवा. भांडण मिटलं.

पगारपत्रक: नाही मिटत. एक शिफ्ट काढून बघा, बेरीज जेवढी उतरली तेवढा त्या माणसाचा खर्च. त्यापेक्षा तास दाखवा. मर्यादा ओलांडताना चौकोन लाल झाला की सुपरवायझरचं काम भागतं, त्यासाठी पैसे दिसायची गरज नाही.

रोस्टरकर: तासांत सगळं मावत नाही. रात्रीचा भत्ता आणि सुट्टीच्या दिवसाचा दर तास मोजून कळत नाही. शिवाय दिसणारा खर्च नियोजित असतो. कुणी तासभर जास्त थांबलं की हजेरीनुसार खरा आकडा बदलतो, आणि हा फरक दोन्ही आकडे शेजारीशेजारी असल्याशिवाय पकडता येत नाही.

पगारपत्रक: मग चौकोनावर पट दाखवा: साधा, दीडपट, दुप्पट. महाग शिफ्ट कळेल, पगार कळणार नाही. जास्त थांबल्याचा फरक तासांतही दिसतो.

रोस्टरकर: पटीला माझी हरकत नाही, आज तेवढंही मिळत नाही. पण मला बजेट पैशांत दिलंय, पटीत नाही. ते तासांत देणार असाल तर खर्चाच्या रकान्याचा हट्ट मी सोडतो.