पी-टू-पी कर्ज: १८ टक्क्यांतून ६ गेले तर १२ उरतात ना?

चाफेकळी
मुदत ठेवीवर ७ टक्के धरतेय. पी-टू-पी ॲपवर (म्हणजे लोकांनी लोकांना थेट कर्ज द्यायचं) १८ टक्के दिसतात आणि कंपनीची रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी आहे. १ लाख रुपये १०० जणांना हजार-हजार करून १२ महिन्यांसाठी द्यायचे म्हणतेय. शंभरात सहा जणांनी बुडवले तरी १८ वजा ६, म्हणजे १२ टक्के पदरात पडतील. मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे. हिशेबात काही चुकतंय का?

खतावणी
चुकतंय, आणि बरंच चुकतंय. कर्ज मासिक हप्त्याने फिटतं. १,००० रुपये, १८ टक्के, १२ महिने याचा हप्ता ९१.६८ रुपये. वर्षाअखेर हातात १,१०० येतात, १,१८० नाही, कारण मुद्दल दर महिन्याला परत येत असतं. म्हणजे शंभर जणांनी एकही हप्ता न चुकवता फेडलं तरी १ लाखावर व्याज १०,०१६ रुपयेच.

आता तुमचे सहा जण. तीन हप्ते भरून ते गायब झाले असं धरा. प्रत्येकाकडे ७६६ रुपये मुद्दल अडकतं, सहांचे मिळून सुमारे ४,६००. हातात आलेलं एकूण व्याज ९,६६४. कंपनीची फी १ टक्का धरली तर १,००० गेले. उरले साधारण ४,०६५.

खरा फटका करात बसतो. हे व्याज ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ म्हणून स्लॅबप्रमाणे करपात्र, पण बुडालेलं मुद्दल त्यातून वजा होत नाही. सेससकट ३१.२ टक्क्यांनी ९,६६४ वर कर ३,०१५. हाती राहिले १,०५० रुपये. वर्षभरात तुमचं सरासरी ५५,६०० रुपयेच कर्जात होतं. तेवढे ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर कर भरून सुमारे २,६८० मिळाले असते.

हाच हिशेब चार बुडव्यांवर केला तर २,६६० च्या आसपास येतो. म्हणजे ठेवीशी बरोबरी शंभरात चौघांवरच होते. पाचवा बुडाला की ठेव बरी.

एस्क्रो_सातारा
नोंदणीबद्दल. नोंदणीचा अर्थ एवढाच की कंपनी रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली मध्यस्थ म्हणून काम करते. कर्ज तुम्ही देता, करार तुमचा आणि कर्जदाराचा. कर्ज विनातारणच असतं. बँक ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, इथे काहीच नाही.

मर्यादाही बघून ठेवा: कर्ज देणाऱ्या एका व्यक्तीला सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून एकूण ५० लाखांपर्यंत देता येतात, १० लाखांच्या वर गेलात तर ५० लाखांच्या नक्त मालमत्तेचं सीएचं प्रमाणपत्र लागतं. एका कर्जदाराला जास्तीत जास्त ५०,००० आणि मुदत ३६ महिन्यांपर्यंत.

‘हवे तेव्हा पैसे काढा, ठरलेला परतावा’ अशा योजना पूर्वी जोरात विकल्या जायच्या. १६ ऑगस्ट २०२४ ला रिझर्व्ह बँकेने ते साफ बंद केलं. एकाचे पैसे दुसऱ्याच्या पैशांतून परत करणं नाही, तोटा भरून देण्याची हमी नाही, खात्रीच्या परताव्याची जाहिरात नाही. आजही कोणी तसं सांगत असेल तर तिथून लगेच बाहेर पडा. पैसे एस्क्रो खात्यात (देवाणघेवाणीचे पैसे मधल्या काळात ठेवायचं वेगळं बँक खातं) आल्या दिवसानंतर एका दिवसापेक्षा जास्त पडूनही राहू शकत नाहीत.

चाफेकळी
पण ॲपवर थकबाकीचा आकडा फारच कमी दिसतो. चार तर जवळपासही नाही.

खतावणी
तो कशावर काढलाय ते बघा. एकूण येणे रकमेवर काढला आणि कंपनी दर महिन्याला नवी कर्जं ओतत असेल, तर भाजक फुगत जातो. नव्या कर्जात पहिल्या दोन-तीन महिन्यांत बुडवे दिसतच नाहीत, ते कमी टक्केवारीत झाकले जातात. ज्या महिन्यात कर्ज दिलं त्या महिन्याच्या गटाचे आकडे मागा: ‘१२ महिन्यांपूर्वी दिलेल्यांपैकी ९० दिवसांपेक्षा जास्त थकलेले किती?’ हे सांगायला टाळाटाळ होत असेल तर पैसे घालू नका.

वसुली_डेस्क
थकल्यावर काय होतं तेही समजून घ्या. आधी फोन, मग नोटीस, मग लवाद. हजार रुपयांसाठी इतकं कोणी ताणत नाही, कारण वसुलीचा खर्च येणाऱ्या रकमेपेक्षा मोठा. आणि वसुलीची वेगळी फी लावणार का, ते करारात आधीच वाचून घ्या.

तरीही करायचंच असेल तर ऑटो-इन्व्हेस्ट (ॲपनेच आपोआप पैसे गुंतवणं) बंद ठेवा, २४ टक्क्यांपेक्षा जास्त व्याजाने कर्ज मागणारे कर्जदार सोडून द्या आणि आलेले हप्ते लगेच पुन्हा गुंतवू नका. पहिल्या फेरीचे बारा हप्ते पूर्ण होईपर्यंत थांबा. एप्रिलमध्ये व्याज आणि मुद्दल वेगळं दाखवणारं स्टेटमेंट उतरवून घ्या. बँकेच्या पासबुकात हप्ता एकत्रच दिसतो आणि आयटीआर भरताना नेमका तिथेच गोंधळ होतो.