भाड्याचं घर दोघांच्या नावावर, नवरा निघून गेला, भाडं कोणी भरायचं?

प्रश्न:
कोथरूडला टू बीएचके, अ‍ॅग्रीमेंटवर आम्हा दोघांच्या सह्या, अजून ७ महिने बाकी. नवरा गेल्या महिन्यात बॅग भरून आईकडे गेला, आता म्हणतो मी राहतच नाही तर भाडं का भरू, तूच घर सोड. मालक काकांचा रोज फोन. २६ हजार एकटीने कुठून आणू, लेकीची शाळा समोरच आहे हो. तो मला खरंच काढू शकतो का?

उत्तर १:
राहत नसला तरी सही आहे ना, सुटका नाही त्याची. पण मालक पूर्ण भाडं दोघांपैकी कोणाकडेही मागू शकतो, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट कलम ४३. तुम्ही भरलंत तर त्याचा हिस्सा त्याच्याकडून मागता येतो, म्हणून रोख अजिबात देऊ नका, यूपीआयनेच द्या आणि महिना लिहा.

उत्तर २:
ताई, घर सोडू नका. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात भाड्याचं घरही धरलंय, कलम १७ प्रमाणे तो परस्पर बाहेर काढू शकत नाही. घरभाडं बंद करणं हा आर्थिक छळच, कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट त्याला भाडं भरायला लावू शकतात. माझ्या बहिणीने संरक्षण अधिकाऱ्यांकडे (याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) अर्ज दिला होता, फी नाही लागली.

उत्तर ३:
फक्त मुदत संपायच्या आत मालकाशी बोला, नंतर राहिलात तर दुप्पट भाडं लागू शकतं. डिपॉझिट कोणाला परत द्यायचं तेही आत्ताच लिहून घ्या.

प्रश्नकर्ती:
काकांना आजच मेसेज करते. खूप आधार वाटला.