शटडाऊनला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेत खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामं अडतात, त्या शटडाऊनला आपली वर्तमानपत्रं कधी ‘टाळेबंदी’ म्हणतात, कधी ‘सरकार ठप्प’. नेमका शब्द कोणता?

– ‘टाळेबंदी’ तर नकोच. टाळेबंदी मालक करतो. गिरणीला कुलूप लागलं की कामगार बाहेर. शटडाऊनमध्ये लाखो माणसं कामावर असतात, फक्त पगार निघत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस चाललेल्या शटडाऊनमध्ये विमानतळावरचे सुरक्षा तपासनीस आणि हवाई वाहतूक नियंत्रक ड्युटीवरच होते. ‘सरकार ठप्प’ही खरं नाही. टपाल येत होतं, सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचे पैसे खात्यात पडत होते.

घडतं ते असं: ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपतं. तोवर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नव्या खर्चाला मंजुरी दिली नाही, तर खात्यांना पैसा खर्चता येत नाही. पूर्वी मंजुरी रखडली तरी कामं रेटून नेत. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) सिव्हिलेटी यांनी ‘मंजुरीशिवाय खर्च नको’ या कायद्याचा कडक अर्थ लावला आणि हे प्रकरण सुरू झालं. २०२५ मध्ये वाद आरोग्य विम्यावरच्या वाढीव अनुदानाचा होता. खर्चाचं विधेयक पुढे न्यायला सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, ६० मतं लागतात, रिपब्लिकनांकडे होती ५३.

म्हणून मी ‘निधीकोंडी’ सुचवेन.

– ‘निधीकोंडी’ आवडला. आपल्याकडे हा शब्द घडला नाही, कारण ती वेळच येत नाही. अर्थसंकल्प लांबला तर लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी, घेतात, आणि लोकसभेने मागण्या फेटाळल्या तर सरकारच जातं. तिथे राष्ट्राध्यक्ष जागेवर राहतो आणि कारकुनाचा पगार अडतो.

– त्यातही ‘बिनपगारी’ लिहिताना जपा. २०१९ च्या कायद्याने सरकारी नोकरांना मागचा पगार मिळतो, म्हणजे त्यांचा पगार तुंबतो. सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बाईंना ती हमी नाही. त्यांचा पगार बुडतो. बातमीत दोघांना एकाच शब्दात गुंडाळतात, याचा मला राग येतो.

आपल्या लोकांनाही झळ लागली. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाआधी पगार आणि कामाच्या अटींबाबतचं श्रम खात्याचं मंजुरीपत्र, एलसीए, लागतं, तेच ऑक्टोबरमध्ये बंद होतं. इमिग्रेशन खातं फीवर चालतं, त्यामुळे ते उघडं. पण हातात एलसीएच नाही तर नव्या नोकरीचा अर्ज भरणार कसा?

– आणि कृपया ‘कर्जमर्यादे’शी गल्लत नको. तिथे प्रश्न आधीच केलेल्या खर्चाची देणी भागवायला कर्ज काढण्याचा असतो. ती मर्यादा जुलै २०२५ मध्येच वाढवली होती, तरी ऑक्टोबरात शटडाऊन झालंच.