बाबांच्या प्रेसच्या कॉम्प्युटरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकू? पेजमेकर आणि श्रीलिपी सोडता येत नाही

नमस्कार मंडळी, लग्नसराई सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचंय म्हणून धागा काढतेय, जाणकारांनी प्लीज मदत करा.

कराडला बाबांची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं असली कामं. तिथला डेस्कटॉप चौथ्या जनरेशनचा आय फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क, विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, तेव्हापासून स्क्रीनवर काही ना काही सूचना येत राहते आणि बाबा मला पुण्याला फोन लावतात, हे काय म्हणतंय बघ. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आमच्याकडे दोन्ही नाही. दुकानदाराचं एकच पालुपद, नवीन घ्या. अहो पण मशीन व्यवस्थित चालतंय, ते भंगारात कशाला घालायचं?

ऑफिसमधला एक मित्र म्हणतो विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट टाक, फुकट आहे, जुन्या मशीनवर छान पळतं. मला पटतंय पण घोडं अडतंय ते बाबांच्या कामापाशी. त्यांचं सगळं पेजमेकर ७ या पानांची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे (२००१ चं व्हर्जन, त्यानंतर नवीन आलंच नाही) आणि मराठी सगळं श्रीलिपीत (मराठी फॉन्ट आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर), तिचं लॉक, म्हणजे ज्याशिवाय ती चालतच नाही ते पेनड्राइव्हसारखं, यूएसबीला कायम लावलेलं असतं. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, थोरलीच्या लग्नात केली होती तश्शीच पत्रिका करा, मग बाबा जुनी फाइल उघडतात, नावं, मुहूर्त, कार्यालय बदलतात, प्रूफ काढतात आणि माणूस चहा संपवून प्रूफ हातात घेऊन जातो. त्या फाइली म्हणजे प्रेसचं भांडवल आहे. आणि ते फॉन्ट युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं ती पद्धत) नाहीत, मी एकदा फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर चि. सौ. कां. च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

दुसरीकडे त्याच मशीनवर बँक, जीएसटी, व्हॉट्सअप वेब हे सगळं चालतं, गिऱ्हाइकं फोटो आणि मजकूर पेनड्राइव्हवर पण आणतात. सिक्युरिटी अपडेट नसताना त्यावर बँकेचा व्यवहार करणं मला अजिबात बरोबर वाटत नाही, झोप लागत नाही खरं सांगते. बाबा टाइपरायटरवर शिकलेत, आजही त्याच कीबोर्डने टाइप करतात, न बघता, तेव्हा नवीन काही शिका म्हणायचं तर फार जपून. काय करू? लिनक्स, का विंडोज ११ कसंही करून बसवायचं, का अजून काही?

प्रतिसाद १:
ताई, आधी घाबरू नका, तुमच्याकडे वेळ आहे. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात, ईएसयू म्हणतात त्याला. व्हर्जन २२एच२ असलं पाहिजे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जा, तिथे नाव नोंदवायचा पर्याय दिसेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागेल. आज संध्याकाळीच बाबांना फोनवरून करायला लावा, सीझन निघून जाईल. विंडोज ११ रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून अशा मशीनवर बसतं, पण मायक्रोसॉफ्ट त्याला पुढे अपडेट देईलच याची खात्री देत नाही, ज्या कामावर घर चालतं तिथे मी तरी हे करणार नाही.

प्रतिसाद २:
माझं पण डीटीपीचंच (कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी करायचं) काम आहे, सांगलीला. तुम्ही सिस्टीमपासून सुरुवात करताय, माझं म्हणणं सॉफ्टवेअरपासून करा. पेजमेकर आणि श्रीलिपी विंडोजवरच चालवायचं, वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवायची सोय) चालवून बघण्याच्या नादाला ऐन सीझनात लागू नका, लॉक ओळखलं नाही तर दुकान बंद पडेल. म्हणून कामाची वाटणी करा. एक २५६ जीबीची एसएसडी घ्या, त्यावर मिंट टाका, बँक, जीएसटी, व्हॉट्सअप, मेल सगळं तिकडे. जुनी डिस्क आहे तशी राहू द्या, विंडोज १० फक्त पेजमेकरपुरतं, आणि ईएसयू संपलं की त्याचं इंटरनेट कायमचं बंद. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही पुसलं जायचा प्रश्नच नाही, नंतर लावा आणि चालू करताना बूट मेनूतून हवी ती निवडा.

आणि सगळ्यात आधी फाइलींची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. फॉन्टसकट. महत्त्वाच्या डिझाइनची पीडीएफ पण काढून ठेवा, उद्या पेजमेकर उघडलं नाही तरी मांडणी समोर राहते.

प्रिंटर कुठला आहे? कॅननचा एलबीपी २९०० असेल तर लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं किचकट आहे, प्रिंट विंडोजमधूनच काढा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! एलबीपी २९००च आहे :( प्रिंट विंडोजमधूनच काढू मग. ईएसयूचं आत्ताच फोनवर केलं, झालं. वाटणीची कल्पना बाबांना सांगितली, त्यांचा पहिला प्रश्न, मजकूर व्हॉट्सअपवर आला तर तो पेजमेकरमध्ये कसा न्यायचा, सारखं बंद-चालू करत बसायचं का? आणि मिंटवर त्यांना टाइपरायटरच्या कळा मिळतील का?

प्रतिसाद २:
प्रश्न बरोबर आहे त्यांचा. मिंटमधून विंडोजची डिस्क दिसते, फोटो आणि मजकूर थेट तिच्यावरच्या एखाद्या फोल्डरमध्ये टाकायचे. फक्त विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. सकाळी आलेला मजकूर एकदम उतरवून घ्यायचा आणि मग दिवसभर पेजमेकर, आमच्याकडे असंच चालतं. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर श्रीलिपीत आणायला कन्व्हर्टर लागेल, ते आत्ताही करतच असतील. कळांचं म्हणाल तर मिंटवर आयबस या टायपिंगच्या सोयीतून मराठीचे इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन असे बरेच कीबोर्ड मिळतात, टाइपरायटरचा त्यांच्या बोटांना जमतो का ते इन्स्टॉल न करता बघा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाकून त्यावरूनच मशीन चालू करायचं, डिस्कला हात लागत नाही. रविवारी कराडला जाल तेव्हा तासभर त्यांनाच बसवा समोर, तुम्ही बाजूला बसा.