जुना बग नेमका कुठल्या कमिटने आणला ते शोधायचं कसं?

रात्रपाळीवाला:
मंडळी मदत हवीय. आमच्या बिलिंग रिपोर्टची टोटल गेल्या रिलीजला बरोबर यायची, आता काही बिलांत एक पैसा इकडेतिकडे होतोय. मधे गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) सहाशेच्या आसपास कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, झालेत. ब्लेम (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) मारून बघितलं तर सगळीकडे एकाच माणसाचं नाव, कारण त्याने अख्ख्या प्रोजेक्टवर फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) फिरवलाय. एकेक कमिट उघडत बसू का आता?

टर्मिनलकर:
अजिबात नको, गिट बायसेक्ट त्यासाठीच आहे. 'गिट बायसेक्ट स्टार्ट' मार, आताच्या कमिटला 'बॅड' म्हण, गेल्या रिलीजच्या टॅगला 'गुड'. मग गिट तुला साधारण मधल्या कमिटवर नेऊन ठेवतं, तू रिपोर्ट चालवून गुड की बॅड तेवढं सांगायचं, की अर्धे कमिट बाद. कॉलेजात परीक्षेपुरता पाठ केलेला बायनरी सर्च तो हाच. ६०० ला फार तर १० फेऱ्या. शेवटी 'बायसेक्ट रिसेट' मार, नाहीतर जुन्याच कमिटवर बसशील आणि वर इथे येऊन विचारशील माझा कोड कुठे गेला 😄

बॅशभक्त:
१० वेळा तरी हाताने कशाला? छोटी स्क्रिप्ट लिहून 'बायसेक्ट रन'ला दे. स्क्रिप्टने ० परत दिला तर गुड, १ दिला तर बॅड, आणि बिल्डच होत नसेल तर १२५ दे, म्हणजे तो कमिट वगळला जातो. स्क्रिप्ट रेपोच्या (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरच्या) बाहेर ठेव हां, आत कमिट केलीस तर जुन्या कमिटवर गेल्यावर ती गायब. आणि टेस्ट कधी पास कधी फेल अशी लहरी असेल तर नाद सोड, एक उत्तर चुकलं की बायसेक्ट भलत्याच कमिटवर बोट ठेवतं.

उगाचसीनियर:
फॉरमॅटरवर पण औषध आहे. त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलीत टाक आणि ब्लेमला 'इग्नोर रेव्ज फाइल'चा ऑप्शन दे, म्हणजे ब्लेम तो कमिट सोडून देतं; गिटच्या २०१९ च्या २.२३ व्हर्जनपासून आहे.

रात्रपाळीवाला:
सापडला!! रक्कम डेसिमलवरून (दशांश नेमका ठेवणारा प्रकार) फ्लोटवर (बायनरीत जवळपासची किंमत ठेवणारा प्रकार) नेलीय, आणि कमिट मेसेज काय तर 'मायनर क्लीनअप'.

टर्मिनलकर:
हात जोडले 🙏 ०.१ बायनरीत नेमका मावतच नाही, म्हणून फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. रक्कम एकतर पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा नाहीतर डेसिमल, पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर न्यूमेरिक प्रकार.

बॅशभक्त:
आणि कोड रिव्हर्ट करून (तो बदल मागे घेऊन) मोकळा होऊ नको, मधल्या काळात डेटाबेसात गेलेली बिलं परत मोजून घे, ती आपोआप सुधरणार नाहीत.